बँड घ्यावा, पण बांधावा कोठे?

गेल्या दिवाळीत रायपूरला ताईकडे गेले होते. ती पंडरीत राहते. पंडरी म्हटले की रायपूरकरांना कापडबाजार आठवतो, लग्नाचा बस्ता तिथेच बांधायचा. या खेपेस मात्र घरात साड्यांचा विषयच नव्हता. माझी तेरा वर्षांची भाची कराटे शिकते. तिला भाऊजींनी मनगटावरचा फिटनेस बँड आणून दिला होता आणि त्यावरूनच बाप-लेकीत अबोला होता.

झाले होते असे की, क्लासहून पोर घामाने निथळत आली, पण बँडने नाडीचे ठोके ९५ नोंदवले होते. मोबाइलवरचा आलेख पाहून भाऊजी म्हणाले, "तासभर काय नुसती उभी होतीस?" तिचे डोळे भरून आले. मला म्हणाली, "मावशी, धाप लागली होती गं मला!"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर क्लासला गेले. मध्यंतरात तिच्या मानेशी दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली. ठोके भरले ४३, म्हणजे मिनिटाला १७२. त्याच क्षणी बँड १०१ दाखवत होता!

बँड बिघडलेला नव्हता. मनगटावरचा बँड त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या लहरीबरोबर परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो त्यावरून ठोके मोजतो. चालताना, पळताना हे बरेचसे जमते. कराटेत मात्र मूठ गच्च आवळायची, मनगट फिरवायचे, ठोसा मारून हात झटक्यात मागे घ्यायचा. स्नायू ताणले जातात, पट्टा किंचित सरकतो आणि त्या हालचालींच्या गोंधळात खरे ठोके हरवतात. ज्युदो-कुस्तीत तर समोरचा मनगटच धरतो.

म्हणून या खेळासाठी खरेदी करताना पडदा किती मोठा, रंग किती, याआधी तो कोठे बांधायचा हे ठरवावे. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे तो सर्वांत भरवशाचा. बांधण्यापूर्वी आतली बाजू ओली करावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि मग पट्टा चालत नाही म्हणून तक्रार होते. पण जिथे पालथे पडायचे, अंगावर माणूस घ्यायचा, तिथे तो सरकतो आणि टोचतोही. अशा वेळी दंडावर बांधायचा पट्टा बरा. तोही प्रकाशानेच मोजतो, परंतु दंड मनगटाइतका वळत नाही. दुकानात तो बांधून वीस वेळा मूठ आवळावी, जागच्या जागी उड्या माराव्यात आणि मानेवरची नाडी मोजून ताडा पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे, पैसे आपले जाणार आहेत.

हे सारे सरावापुरते. जोडीदाराशी लढत सुरू झाली की बँड उतरलाच पाहिजे. टणक कडेने समोरच्याची भुवई फाटू शकते, फटका अडवताना आपल्याच मनगटाच्या हाडावर तो रुतू शकतो. समोरच्याला इजा करील अशी धातूची वा अन्य वस्तू अंगावर ठेवायला कराटे स्पर्धेच्या नियमांतही मनाई आहे.

उष्मांकांच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात मनगटी उपकरणे तपासली. त्यांतल्या सहांचे ठोके बऱ्यापैकी जुळले, पण उष्मांकांत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले. वाढत्या वयाच्या मुलीने तो आकडा पाहून पोळी कमी करावी, हे मला भयंकर वाटते. २२० उणे वय हा कमाल ठोक्यांचा हिशेबही मोठ्यांसाठीचा ढोबळ अंदाज आहे. मुलांना तो लावू नये. चक्कर आली, छातीत दुखले, तर बँड काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जावे.

मग मनगटी बँड वायाच गेला का? नाही. सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर असताना तो चांगला मोजतो. सलग काही दिवस ते ठोके नेहमीपेक्षा बरेच वाढलेले दिसले, तर शरीर थकले आहे किंवा ताप येऊ घातला आहे असे समजून सराव हलका करता येतो. घामाचे मीठ साचून पुरळ उठते, म्हणून पट्टा रोज धुऊन, कोरडा करूनच पुन्हा बांधावा. रायपूरच्या उन्हाळ्यात तर याला पर्यायच नाही.

भाऊजींनी नवा पट्टा अजून घेतलेला नाही. सध्या ते क्लासच्या दारात उभे राहतात, मध्यंतरात लेक येऊन मान पुढे करते आणि ते घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंद मोजतात.