मागच्या बाजूचे मानकरी

मारुती मंदिराजवळ आम्ही चहाला जमतो, तिथे एक रसिक येतात. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांची प्रसिद्धी होईल, आणि प्रसिद्ध झालेल्या कुठल्याही गोष्टीचा त्यांना तिटकारा आहे. त्यांचा सिद्धांत सोपा आहे. तबकडीच्या पुढच्या बाजूला कंपनी बाजारासाठी गाणं घालते, मागच्या बाजूला कलावंत स्वतःसाठी. तेव्हा क्वीन या बँडच्या १९७७ सालच्या तबकडीवरचं ‘वी आर द चॅम्पियन्स’ हे गर्दीचं, आणि मागचं ‘वी विल रॉक यू’ अस्सल. पहिलं आवडणाऱ्यानं हापूस खाऊन आपल्याला आंब्यातलं कळतं असं समजू नये. जाणकार रायवळ चोखतो.

हापूसवर घसरले नसते तर मी गप्प बसलो असतो.

मुळात मागची बाजू ठरवतं कोण? याच क्वीनची १९७५ची तबकडी घ्या. पुढे फ्रेडी मर्क्युरीचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, जवळजवळ सहा मिनिटांचं, ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. मागे ड्रमर रॉजर टेलरचं ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’. मोटारीवरचं प्रेम! हे तिथे गेलं कसं? टेलर हट्टाला पेटला, कपाटात जाऊन बसला, असं सांगतात. कारण तबकडी खपली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखाच मोबदला. लोक पुढच्या गाण्यासाठी पैसे मोजणार, निम्मा वाटा मागच्याला. आमच्याकडे याला कलेची साधना म्हणत नाहीत, भाऊबंदकी म्हणतात. एकानं कलमं लावली, पाणी घातलं, रात्री जागून वानरं हाकलली, दुसरा मुंबईला. सातबाऱ्यावर मात्र नावं दोघांची, पेट्या विकल्या की निम्मे माझे. वर हाच दुसरा मे महिन्यात येऊन सांगणार, बागेतलं खरं फळ माझ्या हिश्श्याला आहे! क्वीनमध्येही या पैशावरून पुढे बरीच वर्षं धुसफूस चालली. आणि आमचे रसिक या वाटणीपत्रात आत्मा शोधतात.

‘वी विल रॉक यू’ कलावंतानं स्वतःसाठी केलं म्हणे. क्वीनच्याच ब्रायन मेनं ते केलं तेच मुळी हजारो लोकांनी दोनदा पाय आपटावेत आणि एकदा टाळी वाजवावी म्हणून. याहून गर्दीचं गाणं दाखवा, मी चहा पाजतो. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ साली मागच्याच बाजूला होतं. पुढच्या वर्षी एका सिनेमानं ते जगभर नेलं. म्हणजे ५४ साली अस्सल, ५५ साली भिकार?

हा रोग जुना आहे. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत ‘संन्यस्त खड्ग’ लिहिलं. १९३१ साली बलवंत संगीत मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, वझेबुवांच्या चाली, दीनानाथांचा गळा. आमच्या घरी दोन काकांचं त्यावरून वाजायचं. ‘शतजन्म शोधिताना’ला वन्समोअर मिळतो म्हणून एक काका ते पद ऐकताना मुद्दाम पान जुळवायला बसायचे, त्यांचं दैवत ‘मर्मबंधातली ठेव ही’. पुढे तेही शाळकरी मुलं स्पर्धेत गाऊ लागली, तेव्हा काका तिसऱ्याच पदाकडे वळले. गाण्यातलं काही बिघडलं नव्हतं. शेजाऱ्याला ते पाठ झालं, एवढाच त्याचा गुन्हा.

आणखी एक. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी शिकला, तिथेच त्यानं मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढला, हा अभिमान मिरवायला हेच गृहस्थ सर्वांत पुढे. ‘आपला पाचगणीचा पोरगा’! अहो, त्या पोरानं लिहिलेलं गाणं तेच, ज्याला तुम्ही बाजारू म्हणता. तुमचं अस्सल दुसऱ्याचं आहे.

बरं, मग ‘चॅम्पियन्स’मध्ये आहे काय, असं विचाराल. एक तर त्याची सुरुवात. विजयाचं गाणं म्हणावं तर पियानोवर दबक्या आवाजात, हिशेब चुकता करून दमलेल्या माणसासारखं उघडतं, आणि मग चढत जातं. दुसरं, त्याचा ठेका. सहा मात्रांचा, सरळ दादऱ्याच्या अंगानं झुलणारा. टेनिस बॉलच्या स्पर्धेचा करंडक द्यायच्या वेळी स्पीकरवर ते लागतं, तेव्हा इंग्रजीचा गंध नसलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डावी-उजवीकडे बिनचूक डोलतात. त्यांना कुणी मागची-पुढची बाजू सांगितलेली नसते, त्यांनी तबकडीच पाहिलेली नसते. ‘वी विल रॉक यू’वर तीच पोरं पाय आपटतात, मीही आपटतो. शेवटची गिटार तर झकासच आहे. पण त्यावर डोलता येत नाही.

रसिकांचं यावर म्हणणं, दादरा वगैरे काही नाही, ठेका चारचाच आहे. रविवारी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतो. चहा त्यांच्याकडून.