पेणचा पाऊस, दशांशासकट

परवा खारबंदिस्तीच्या एका बैठकीत पडद्यावर रायगडचा नकाशा झळकला. पंधरा तालुके, पंधरा रंग आणि 2050 साली पाऊस किती टक्क्यांनी वाढणार याचे पंधरा आकडे. दशांशचिन्हासकट! पेणचा वेगळा, अलिबागचा वेगळा. माना डोलल्या, मोबाइलवर फोटो निघाले. हे आकडे केवढ्या चौकोनातून आले, हे ना सांगणाऱ्याने सांगितलं, ना कुणी विचारलं. सदराचे जुने वाचक ओळखतीलच, मी गप्प बसलो नाही.

जागतिक हवामान मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालामागच्या मॉडेलांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचंही आहे. भारतातलं पहिलंच, त्याचा अभिमान आहेच. त्याच्या वातावरणाचा चौकोन सुमारे 200 किलोमीटरचा. अलिबागच्या किनाऱ्यावर खुंटी ठोकून पूर्वेला दोरी ताणली, तर ती अहिल्यानगरच्या आसपास पोचेल. मध्ये काय काय येतं बघा: पेणचा खारेपाट, वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं माथेरान, घाट ओलांडताच 700-750वर आलेलं पुणे आणि पुढे टँकरची वाट बघणारी गावं. मॉडेलच्या लेखी या सगळ्यांचा पाऊस एक. सह्याद्रीचा उभा कडा तिथे नुसती बसकी चढण होतो.

आणि ढग? काही किलोमीटर रुंदीचा ढग एवढ्या चौकोनात दिसतच नाही. म्हणून मॉडेल त्याचा अंदाजे हिशेब मांडतं: एवढी उष्णता, एवढं बाष्प, म्हणजे एवढे ढग चढले असतील, एवढं पाणी पडलं असेल. अराकावा आणि शुबर्ट या हवामानशास्त्रज्ञांनी 1974 साली घालून दिलेली रीत अशी, की हवेत अस्थिरता साठेल तसतशी ढगांचा जमाव ती लगोलग संपवतो. जमाव मोठा असला तर हे बरंचसं चालतं. पण अशा हिशेबांची खोड जुनी आहे: पाऊस वरचेवर आणि थोडाथोडा पाडायचा, जमिनीवर तर संध्याकाळची वाट न बघता भर दुपारीच. त्यात आपला आषाढातला ढग बुटका, घाटाला अडून ओतणारा, क्वचितच गडगडणारा. ऑक्टोबरचा उंच, कडाडणारा. दोघांना एकाच सूत्रात बसवताना भले भले थकले.

26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि जेमतेम 25 किलोमीटरवरच्या कुलाब्याला 75सुद्धा नाही. दोघांची सरासरी काढाल तर तो पाऊस ना इथे पडला, ना तिथे. महाडात दासगाव-जुईवर दरडी कोसळल्या त्या याच दिवसांत.

बैठकीत मी चौकोनाचं विचारलं, तेव्हा ‘अहो, डाउनस्केलिंग केलंय,’ म्हणजे मोठ्या चौकोनाच्या आत बारीक चौकोनांचं मॉडेल चालवलंय, असं उत्तर मला मिळालं. केलं असेल. पण आतला चौकोन कितीही बारीक करा, त्याच्या कडेने येणारी हवा त्याच ढोबळ मॉडेलची. मे 2025 मध्ये आलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 6 किलोमीटरची, हेही ऐकवलं गेलं. ती उद्या-परवाच्या अंदाजासाठी. शंभर वर्षं तशी चालवायला केवढा संगणक लागेल? शिवाय 6 किलोमीटर हा धड ना इकडचा, ना तिकडचा. ढग नीट उमटावा इतका तो बारीक नाही आणि जमावाचा हिशेब चालावा इतका मोठाही नाही. शास्त्रज्ञच त्याला ‘ग्रे झोन’ म्हणतात.

याचा अर्थ सगळंच झूट, असा कुणी काढू नये. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्याला ढगाचा हिशेब लागत नाही. पाऊस आला तर कोसळूनच येणार, हे मानून चालावं. पण पेण आणि अलिबागमधला दशांशाचा फरक? तो नकाशा रंगवणाऱ्याचा. रंगीत नकाशांवरच्या खर्चात गावोगावी पर्जन्यमापक बसले असते, असा माझा जुना संशय आहे. पुरावा मागू नका.

खारेपाटाला वर्षाची टक्केवारी नकोच आहे. उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, बंद असताना तीन तासांत किती पाणी कोसळेल, यावर बांधाला खांड जाणार की नाही हे ठरतं. तेव्हा पुढच्या बैठकीला जाल तर चौकोन केवढा होता आणि बाकीची मॉडेलं काय म्हणतात, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या आकड्यावर बांधाची उंची ठरवू देऊ नका.