माळ पडीक नसतो

आमचं घर मेंढपाळाचं. उत्तर सोलापूरच्या माळांवर वडिलांच्या मागं मेंढरं राखतच मी वाढलो. पावसाळ्यात माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायला लागला, की वडील कळप दुसऱ्या अंगाला वळवायचे. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, हे त्यांना ठाऊक होतं.

१९७९ मध्ये इथं माळढोक अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शिवारं सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, तेव्हा पक्ष्याचं नाव काढलं तरी माणसं चिडायची, आणि त्यांचा राग खरा होता. पुढं हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर कालव्याचं पाणी, ऊस, रस्ते, विजेच्या तारा यांनी माळाचे तुकडे पाडले होते. उरल्या गवतात वनीकरणानं गिरिपुष्पाची झाडं लावली. चहूकडं नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला झाडोरा नकोच असतो.

तरी माळढोक दिसत राहिले, म्हणून सगळ्यांना वाटलं, निभतंय. इथंच फसगत झाली. हा पक्षी दीर्घायुषी. जुनी जाणती पाखरं ओळखीच्या जागी येत राहतात, पण मागं पिल्लं वाढत नाहीत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना ही पाखरं तारांवर आदळतात. त्यांना समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंग ऐनवेळी वळत नाही. रान आधी तुटतं, जात कित्येक वर्षांनी संपते. आज आमच्याकडं एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

लांडगा, खोकड, धाविक पक्षी अजून दिसतात, म्हणूनच मला जास्त भीती वाटते; माळढोकही असाच दिसत राहिला होता. काळवीट पिकात घुसतात तेव्हा लोक ‘फार माजलेत’ म्हणतात. शेतकऱ्याचं नुकसान होतं, त्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण चारी बाजूंनी शेतं असलेल्या तुकड्यातला कळप जाणार कुठं?

सरकारी कागदावर माळाला ‘पडीक’ म्हणणं आधी थांबवा. गायरानं एकमेकांना जोडणारे गवताचे पट्टे राखा आणि मेंढपाळाला तिथून हुसकावू नका. बेतानं चरलेला माळ टिकतो. मुळं शाबूत असतील तर पवन्या-मारवेलसारखी गवतं पावसात पुन्हा उठतात, नांगरलेल्या माळावर लवकर येत नाहीत. यंदाच्या वृक्षलागवडीच्या यादीतून माळ वगळायचे असतील, तर ते खड्डे खणायच्या आधी वगळा.