जुन्या पेठांचा जीर्णोद्धार आणि शेतकरी

अमरावती-अकोल्यासारख्या नगरांतील जुन्या पेठा पाडून तेथे बहुमजली व्यापारी संकुले उभारावी, असा विचार हल्ली वारंवार बोलला जातो. हा प्रश्न केवळ शहरवासीयांचा आहे असे मानून शेतकऱ्याने स्वस्थ बसावे, हे आम्हांस मान्य नाही. ज्या कापसावर या पेठा उभ्या राहिल्या, तो त्याच्याच शेतात पिकला होता.

अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमलात 1807 साली बांधावयास घेतला. पाच दरवाजे व चार खिडक्या असलेल्या या नगरातून 1842 साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास धाडल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. जवाहर दरवाजा, अंबा दरवाजा ही आमच्याच व्यापाराच्या इतिहासाची पाने होत.

जुन्याचे आम्ही आंधळे पूजक नाही. अरुंद गल्लीत ट्रॅक्टर वळत नाही, पावसात माल भिजतो, बायाबापड्यांस शौचाची सोय नसते, हे आम्ही नाकारीत नाही. पुण्याची मंडई 1886 साली पुरी झाली. तिच्यावरील मोठ्या खर्चास नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इमारत कोणाच्या उपयोगी पडणार, हा त्यांचा प्रश्न आजही खराच आहे. तथापि सुधारणा म्हणजे विध्वंस नव्हे. मुंबईतील 1869 ची क्रॉफर्ड मंडई पाडण्याच्या योजनेस नागरिकांनी विरोध केला. तेव्हा मूळ इमारत राखून तिची डागडुजी झाली.

आमची खरी भीती निराळी आहे. बाजाराचे नियमन या देशात प्रथम आमच्याच वऱ्हाडात, 1886 साली कारंजा येथे सुरू झाले. पुढे 1897 साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. परंतु त्या कायद्याखालील बाजार समितीत नगरपालिकेचे व व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते, पिकविणारा मात्र नव्हता. नवी संकुले त्याला विचारल्यावाचून झाली, तर तीच चूक पुन्हा दगडविटांत बांधली जाईल. गाळे विकले जातील. ओसरी, सावली, पाणी आणि डोळ्यांदेखत होणारे माप यांना जागा उरणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी : जुने दरवाजे व दर्शनी भाग राखावे; तळमजल्याची मोकळी जागा माल आणणाऱ्यासाठी ठेवावी; आणि आराखडा मंजूर होण्यापूर्वी शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकावे. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात फेरबदल करताना हरकती मागवाव्या लागतात. तशी जाहीर सूचना निघताच आपल्या गावाचा ठराव मुदतीत लेखी दाखल करण्यास वाचकांनी चुकू नये.