सीए करणाऱ्यांनी बी.कॉम. सोडू नये, पण हजेरीही खोटी लावू नये



बारावीचा निकाल लागला की वाणिज्य शाखेची दोन-चार मुलं पेढे घेऊन घरी येतात आणि विचारतात, "सर, माका सीए करूचा हा. मग बी.कॉम.चा काय करू?" मालवणात पुस्तपालन शिकवण्यात माझी हयात गेली. माझं उत्तर ठाम आहे : दोन्ही कर, पण पदवी मुक्त विद्यापीठातून घे.

जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली आणि नव्या योजनेत सीए इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय ती सुरू होत नाही. त्यामुळे पालकांना वाटतं, पहिलं-दुसरं वर्ष तर कॉलेज जमेल. जमतंही. अडतं ते पुढे. फर्ममध्ये आठवड्याचे ३५ तास, कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा नियम, आणि मालवण-कुडाळ एसटीत जाणारा वेळ वेगळाच. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची घाई असते, तेव्हाच सत्र परीक्षा तोंडावर येते. एकाच वेळी दोन्हीकडे हजर असलेला मुलगा एका ठिकाणी फक्त कागदावर असतो.

माझा एक विद्यार्थी असाच डमी आर्टिकल होता. कॉलेजची हजेरी पूर्ण, फर्ममध्ये मात्र शनिवारपुरता. पुढे एका पतसंस्थेची कर्जखाती तपासायला बसला, तर थकबाकीची यादी कशी वाचावी हेच त्याला उमगेना. दोष एकट्या त्याचा नव्हता. "चलता रे" म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि ते मला आजही सलतं. गावची विकास सोसायटी, मच्छीमार सोसायटी, पतसंस्था यांत लोकांची आयुष्यभराची पुंजी असते. उद्या ताळेबंदावर ज्याच्या सहीने लोक विश्वास ठेवणार, त्याने शिकतानाच खोट्या मस्टरवर सही करावी?

काही सीए मंडळी सांगतात, पदवीचा नादच सोडा. हे मला मुळीच पटत नाही. यूजीसीने २०२१ मध्ये सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं, पण ते फायनल उत्तीर्ण झालेल्यांसाठी. फायनलला चार-चार वेळा बसणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. पंचविशीत हाती बारावीचीच गुणपत्रिका असेल, तर एमपीएससी नाही, बँकेची अधिकारी परीक्षाही नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी यूजीसीच्या नियमाने नियमित पदवीइतकीच ग्राह्य आहे. तिला कमी लेखणं आता थांबवावं. फर्मला आधी सांगावं, सीए इन्स्टिट्यूटची रीतसर परवानगी घ्यावी. गॅदरिंग, मित्रमंडळी यांना मूल मुकेल, हे खरं.

ज्यांना कॉलेजच हवं, त्यांच्यासाठी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी वाणिज्यचे तास सकाळी सात ते साडेनऊ ठेवावेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला 'ऑन जॉब ट्रेनिंग'चे श्रेयांक आहेत. मुंबई विद्यापीठाने आर्टिकलशिप त्यात धरावी. आणि पालकांनो, पुढच्या प्रवेशाआधी एकदा फर्मची आणि कॉलेजची वेळापत्रकं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

– एक निवृत्त शिक्षक, मालवण