बर्फ पडण्याआधीची तालीम

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हटले की लाल माती, जोर-बैठका आणि अंगाला माती फासलेले पहिलवान आठवतात. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे या शब्दापाशी आमचा वर्ग दर वर्षी हसतो. यंदाही हसून झाल्यावर मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. एका मुलाने काश्मीरच्या आरिफ खान यांच्याविषयी वाचले होते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेले ते एकमेव खेळाडू. मुलाचे म्हणणे असे, की बर्फ तर हिवाळ्यापुरता; मग बाकीचे महिने हे लोक तालीम करतात कशावर?

तेवढ्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर शोधता शोधता आम्ही पोचलो ते अमेरिकेतल्या कॉलेजांच्या नॉर्डिक स्की संघांपर्यंत. वाचकहो, त्यांचीच हकिकत आज सांगायची आहे.

आधी एक फरक. आरिफ खान यांचा खेळ उतारावरचा, डोंगरमाथ्यावरून खाली झेपावण्याचा. नॉर्डिक स्कीइंग निराळे. यात सपाटी आहे, उतार आहे आणि छाती फोडणारा चढही आहे. बूट फक्त पुढच्या टोकाला पट्टीत अडकवलेला, टाच मोकळी. दोन्ही हातांत लांब काठ्या. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडकडे माणसे अशीच बर्फातून ये-जा करीत. त्या चालण्याचा पुढे खेळ झाला. हात, पाय, पाठ, फुप्फुसे, सगळ्यांना यात सारखेच राबावे लागते.

कॉलेजच्या संघात मुले आणि मुली बरोबरीने असतात. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९८३ पासून दोघांचे गुण एकत्र धरून कॉलेजचा क्रमांक लागतो. या स्पर्धेला एका कॉलेजचे जास्तीत जास्त बारा खेळाडू. त्यांत नॉर्डिकचे तीन मुलगे, तीन मुली. मुलीचा क्रमांक घसरला तर सगळे कॉलेज खाली येते. आपल्या शाळांच्या क्रीडादिनात मुलींच्या शर्यती उन्हे उतरल्यावर, पाहुणे उठून गेल्यावर उरकल्या जातात, ते आम्हाला इथे आठवल्याशिवाय राहिले नाही.

ही राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये होते. तयारी मात्र उन्हाळ्यातच सुरू होते, बर्फाचा पत्ता नसताना. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ही पोरे डांबरी रस्त्यावर स्की करतात! दोन-सव्वादोन फुटांची पट्टी, तिच्या दोन टोकांना रबरी चाके; याला रोलर स्की म्हणतात. बहुतेकांना ब्रेक नसतो. डोक्याला हेल्मेट, अंगात भडक रंगाचे जॅकेट, काठ्यांना पोलादाहून कठीण टोके, आणि शेजारून मोटारी चाललेल्या. याखेरीज डोंगरवाटांवर पळणे, काठ्या टेकत चढावर उड्या घेत जाणे, वजने उचलणे. वर्षाकाठी अशा सरावाचे पाचशे ते सातशे तास भरतात.

आम्हाला नवल वाटले ते यातल्या संथपणाचे. बहुतेक सराव इतक्या हळू करायचा, की सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात. बोलता येईना तर वेग वाढला, कमी करा. जिवाच्या आकांताने पळायचे ते आठवड्यातून दोनेक वेळा. हळू पण खूप वेळ केलेल्या कष्टाने हृदयाचा आणि स्नायूंचा दम वाढतो. रोज स्वतःला पिळले तर शरीर हिवाळ्याआधीच थकते. तरुण पोरांना हे पटवणे कोचला सर्वांत जड जात असणार. दहावीच्या मुलांना जूनपासून रोज थोडे-थोडे वाचायला सांगून आमचा जो अनुभव आहे, त्यावरून म्हणतो.

‘मग अभ्यास कधी?’ हा प्रश्न आपल्या अम्मी-अब्बांचा. तो तिथेही आहे. म्हणूनच एनसीएएने मर्यादा घातली आहे. हंगामातसुद्धा संघाचा बंधनकारक सराव आठवड्याला वीस तासांच्या वर घेता येत नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. संघात टिकायचे तर पास व्हावेच लागते. व्हरमाँट विद्यापीठाचा बेन ऑग्डन अभियांत्रिकी शिकता शिकता बीजिंगच्या त्याच ऑलिंपिकमध्ये धावून आला. सगळ्यांना हे साधत नाही. पण गाडीत मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली मुले या संघांत नेहमीची.

कारण नोव्हेंबर आला की प्रवास सुरू होतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. सगळा देश घरी जायला निघतो आणि ही पोरे घराकडे पाठ फिरवून बर्फाकडे निघतात. माँटाना राज्यातले वेस्ट यलोस्टोन हे छोटे गाव त्या आठवड्यात स्कीवाल्यांनी भरून जाते. गाव सुमारे ६६०० फुटांवर, आपल्या महाबळेश्वरच्या दीडपट उंच. पहिले दोन-तीन दिवस मैदानी मुलांना धाप लागते. मिनेसोटाहून येणाऱ्या संघाला हजार मैलांच्या आसपास गाडी हाकावी लागते. सणाचे जेवण भाड्याच्या खोलीत, संघानेच रांधलेले. ईदला होस्टेलवर राहिलेल्या मुलाच्या घरी काय वाटते ते ज्याला ठाऊक, त्याला यातली किंमत सांगायला नको.

रात्री वॅक्सचे काम. एका प्रकारच्या शर्यतीत स्कीच्या मधल्या भागाला, पावलाखाली, चिकट मेण लावतात. पाय दाबला की ते बर्फाला धरते, सोडला की स्की सरकते. मेण बर्फाच्या तपमानाप्रमाणे निवडायचे. चुकीचे कडक लावले तर चढावर पाय मागे घसरतो. फार मऊ लावले तर बर्फाचे गोळे चिकटतात. वर्षभराची मेहनत बोटभर मेणावर पाण्यात जाऊ शकते. स्की झरझर पळवणारी फ्लोरीनयुक्त मेणे आता बंद झाली आहेत. ती रसायने पाण्यात आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतात. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने ही बंदी पुरती अमलात आणली.

पण मेणापेक्षा मोठी चिंता बर्फाचीच. एखाद्या वर्षी वेस्ट यलोस्टोनच्या जंगलवाटाही कोरड्या असतात. मग सगळे मोटारींत बसून वरच्या पठारावर जातात आणि मिळेल त्या पट्ट्यावर गर्दी करून सराव करतात. पूर्वेकडे व्हरमाँटमध्ये क्राफ्ट्सबरी येथे वेगळाच उपाय केला. २०१९ साली सुमारे ९३०० घनमीटर बर्फाचा ढीग लाकडाच्या छिलक्यांनी आणि चकाकत्या कापडाने झाकून उन्हाळाभर ठेवला. शरद ऋतूत झाकण काढले तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ शिल्लक होता. तो वाटेवर पसरला की नोव्हेंबरात सराव सुरू.

ही युक्ती मुंबईने कधीच पाहिली आहे बरे! १८३३ पासून बोस्टनच्या आसपासच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला आणि मग मुंबईलाही येत असे. तेव्हा त्या मुलखातला बर्फ निम्मे जग ओलांडून आपल्याकडे पोचायचा. आज त्याच मुलखातली पोरे मोसमाच्या सुरुवातीला बर्फ शोधत फिरतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, विस्कॉन्सिनमधली बर्कबायनर ही त्या देशातली सर्वांत मोठी स्की शर्यत जंगलाच्या नेहमीच्या वाटेवर होऊ शकली नाही. यंत्राने बनवलेल्या बर्फाच्या दहा किलोमीटरच्या वळशावर फेऱ्या मारून ती भरून काढली. कॉलेजच्या मुलाला तर चारच वर्षे मिळतात. त्यातले एक वर्ष बर्फाविना गेले की गेले.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी हे सगळे सांगितले. त्याने विचारले, ‘मग सुट्टी संपल्यावर ते परत येतात तेव्हा कॉलेजात बर्फ असतो का?’ अनेकदा नसतो. रविवारी रात्री गाडी आवारात शिरते तेव्हा गवत पिवळे पडलेले असते, फार तर दहिवर. ओल्या स्की कोरड्या करून खुंटीला लावतात, सोमवारी सकाळी वर्ग, आणि दुपारी पुन्हा चाके बांधून त्याच डांबरी रस्त्यावर.