दूरदेशी बिघडलेली गाडी : आधी कोणाला घरी आणावे ?



अलीकडे आपल्यातील पुष्कळ कुटुंबे स्वतःच्या वा भाड्याच्या मोठ्या गाडीने यात्रेस निघू लागली आहेत. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या, चाकांवरील घरच म्हणावे अशा कारवान गाड्याही रस्त्यांवर दिसतात. महाराष्ट्र शासनाने तर 2021 साली कारवान पर्यटनाचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि गाळलेले पाणी हा नियम पाळणाऱ्या घरास असे वाहन सोयीचे वाटावे, हे साहजिकच आहे. परंतु श्रवणबेळगोळ काय किंवा सम्मेदशिखर काय, इंदूरहून हजार किलोमीटरांपलीकडचा पल्ला. तेथे गाडी बंद पडली तर पुढे काय, याचा विचार निघण्यापूर्वी क्वचितच होतो.

धान्याच्या व्यापारात वाहन बिघडणे ही नित्याची गोष्ट आहे. आग्रा-मुंबई मार्गावरील गणपती घाट व बिजासन घाट यांची नावे ऐकली की छावणीतील कोणताही जुना अडत्या मान हलवील. आमच्या धंद्यात अशा वेळचा क्रम ठरलेला असतो. प्रथम पोती पावसापासून झाकावयाची, नंतर माल दुसऱ्या ट्रकवर पलटवून मार्गस्थ करावयाचा, आणि ट्रकाची चिंता सर्वांत शेवटी. कुटुंबाच्या गाडीस मात्र आपण नेमका उलटा न्याय लावतो. वृद्ध मंडळी व लेकरे रस्त्याच्या कडेला तिष्ठत बसतात आणि घरातील कर्ते पुरुष "गाडी घरीच न्यावयाची" असा हट्ट धरून बसतात.

माझे स्पष्ट मत असे की, गाडी घरी आणणे हा प्रतिष्ठेचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न आहे. उदाहरणादाखल, तेथील दुरुस्ती 60,000 रुपयांची आणि आठ दिवस माणूस ठेवण्याचा खर्च 8,000 रुपये असे धरू. एकूण 68,000 झाले. इंदुरात तेच काम 40,000 रुपयांत होत असले, तरी गाडी लादून आणण्यास 45,000 पडले की बेरीज 85,000 होते. दुरुस्तीचा एकच आकडा पाहणारा स्वस्त समजून महाग सौदा करतो. इंजिनच निकामी झाले असेल किंवा सुटा भाग तेथे मिळतच नसेल, तेव्हा मात्र लादून आणणे योग्य. त्या वेळी इंदूरकडे रिकामे परतणारे योग्य बांधणीचे वाहन शोधावे. परतीचे भाडे नेहमी हलके असते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

विम्याविषयीही भ्रम पुष्कळ आहेत. साधी मोटार पॉलिसी अपघाताची हानी भरून देते, यंत्र आपोआप बिघडल्यास ती काही देत नाही. त्यासाठी रस्त्यावरील मदतीचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि त्यातही किती किलोमीटरपर्यंत गाडी नेऊन देणार हे आधी वाचावे. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा क्रमांक आहे. परंतु तेथील क्रेन रस्ता मोकळा करण्यासाठी असते, गाडी इंदुरास पोचविण्यासाठी नव्हे. दोराने ओढून नेण्याची मुभाही जवळच्या गॅरेजपुरतीच समजावी. इंजिन बंद असता ब्रेक व स्टिअरिंग जड होतात, आणि स्वयंचलित गिअरची गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरपेटीच जळून जाते. गाडी लादण्यापूर्वी स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर उतरवावा, चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि आतील सामानाची यादी करून बिल्टीसोबत ठेवावी.

आता मुख्य गोष्ट. मंडळी रेल्वेने घरी परततात. गाडीपाशी मागे राहतो तो ड्रायव्हर. त्यास तेथील भाषा येत नाही, जवळ पुरेसे पैसे नसतात, रात्री तो गाडीतच निजतो. टायर वा डिझेल चोरीस गेले तर पहिला संशय त्याच्यावरच येतो. काही जण म्हणतात, "पगार घेतो, तर थांबणे त्याचे कामच आहे." मला हे मान्य नाही. त्याने पगार गाडी चालविण्याचा घेतला आहे, परमुलखात बेवारशी राहण्याचा नव्हे. 1865 च्या कायद्याच्या जागी 2007 साली रस्त्यावरील मालवाहतुकीचा नवा कायदा आला. त्यात मालाच्या जबाबदारीची कलमे आहेत, पण थांबलेल्या ड्रायव्हरची भाकरी मालकाच्या सदसद्विवेकावरच राहिली आहे.

व्यापारी तांड्याच्या प्रमुखास आपल्या परंपरेत सार्थवाह म्हणत. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्राचा आरंभच धन सार्थवाहाच्या कथेने होतो. ज्याजवळ वाहन नाही त्यास वाहन, शिधा नाही त्यास शिधा देईन, अशी दवंडी पिटून तो निघाला. पावसाळ्यात सार्थ अरण्यात अडकला, शिधा संपला, आणि आपल्या भरवशावर आलेल्या मुनींची आपण विचारपूसही केली नाही, याची त्यास खंत वाटली. सोबत निघालेल्या प्रत्येकाचा भार प्रमुखावर असतो, हा या कथेचा अर्थ मी घेतो. आपल्या गाडीचा ड्रायव्हर त्या सार्थाबाहेरचा कसा ठरेल ?

म्हणून आपल्या संस्थेस माझी नम्र सूचना आहे. यात्रामार्गांवरील गावोगावच्या विश्वासू व्यापाऱ्यांची व गॅरेजांची यादी, त्यांची संमती घेऊन, प्रतिवर्षी छापावी. सभासदांनी एक नियम स्वेच्छेने पाळावा : गाडी अडकल्यास ड्रायव्हरची निजण्याची सोय आणि किमान आठ दिवसांचा रोख खर्च दिल्यावाचून कुटुंबाने ते गाव सोडू नये. काम लांबले तर गाडी गॅरेजमालकाच्या लेखी पावतीवर सोपवून त्यासही तिकीट काढून घरी पाठवावे. त्याच्याही घरी वाट पाहणारी माणसे असतात.

खर्च वाढेल, हे खरे. परंतु प्रवासखर्चाच्या खात्यात ही रक्कम आरंभीच बाजूस काढून ठेवली तर ती जड जाणार नाही. सुज्ञ सभासदांनी या सूचनेचा विचार करून येत्या सभेत आपले मत मांडावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.